फॅन साइटवर सामन्यांचं वेळापत्रक टाकलं तर कॉपीराइटची नोटीस येते का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातून एका इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांसाठी मराठी साइट चालवता, आणि मोसमाचं पूर्ण वेळापत्रक टाकायला निघालात तर मित्राने 'लायसन्स लागतं' म्हणून घाबरवलं.

मित्र थापा मारत नाहीये, फक्त त्याची माहिती शिळी आहे. मी वकील नाही. पण 2012 च्या आधी काही वर्षं लेस्टरला होतो आणि तिथल्या एका चाहत्याच्या साइटचं तांत्रिक काम बघायचो. आमच्या साइटवर पुढच्या सामन्यांचं पानच नव्हतं. झालेल्या सामन्यांचे निकाल आम्ही द्यायचो, पुढचं बघायचं असेल तर अधिकृत साइटची लिंक. आपल्याच क्लबचा सामना कधी आहे हे लिहायची चोरी!

याचं मूळ पैजांच्या धंद्यात आहे. इंग्लंडमध्ये 'फुटबॉल पूल्स'वाले वेळापत्रक छापून लोकांकडून निकालांचे अंदाज भरून घ्यायचे. सामने भरवणाऱ्या 'फुटबॉल लीग' या संस्थेला ते इतकं खुपलं की 1936 मध्ये तिने वेळापत्रकच गुप्त ठेवून पाहिलं. कुणाची गाठ कुणाशी हे क्लबांना ऐनवेळी कळायचं. प्रेक्षक घटले, क्लब वैतागले आणि दोन-तीन आठवड्यांत तो प्रकार गुंडाळावा लागला. मग 1959 मध्ये लीगने लिटलवुड्स या पूल्स कंपनीविरुद्ध खटला जिंकला आणि वेळापत्रकावर कॉपीराइट असल्याचं कोर्टाने मान्य केलं. त्यानंतर पूल्सवाले पैसे मोजू लागले. पुढे वर्तमानपत्रं आणि वेबसाइटही त्याच जाळ्यात आल्या. लायसन्स देण्याचं काम फुटबॉल डेटाको ही कंपनी बघायची.

याहू आणि काही पैज-कंपन्यांशी तिचा वाद लागला आणि तो लक्झेंबर्गला, युरोपीय संघाच्या न्यायालयात गेला. डेटाकोचं म्हणणं, यात केवढी मेहनत आहे बघा! ते खरंही होतं. चार डिव्हिजन, 92 क्लब, 2036 सामने. त्यात लागोपाठ तीन सामने घरच्या मैदानावर नकोत, बाहेरही नकोत, असे नियम. तरी 1 मार्च 2012 ला न्यायालयाने सांगितलं की नुसत्या मेहनतीने आणि कौशल्याने कॉपीराइट मिळत नाही. निवड आणि मांडणीत कर्त्याची स्वतःची सर्जनशीलता दिसली पाहिजे. डेटाबेसचा, म्हणजे गोळा केलेल्या माहितीच्या साठ्याचा, वेगळा हक्क तर याच न्यायालयाने 2004 मध्येच वेळापत्रकाला नाकारला होता. मला हा निकाल पटतो. टाइमटेबल लावणाऱ्या शाळेतल्या सरांनाही घाम फुटतो, म्हणून काही 'सोमवारी पहिला तास गणिताचा' हे वाक्य त्यांच्या मालकीचं होत नाही.

भारतातही दिशा तीच. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात तक्ते आणि संकलनं येतात, पण डिसेंबर 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या श्रमाचा निकष पुरेसा मानला नाही. थोडी तरी सर्जनशीलता हवी.

खरी मेख पुढे आहे. 2015 मध्ये रायनएअर या विमान कंपनीच्या खटल्यात त्याच युरोपीय न्यायालयाने म्हटलं की डेटाबेसला कायद्याचं संरक्षण नसलं तरी मालक वेबसाइटच्या अटींमधून, म्हणजे कराराने, वापरावर बंधन घालू शकतो. म्हणून अधिकृत साइटवरून स्क्रिप्ट लावून माहिती ओढू नका, आणि एपीआय (एका साइटची माहिती दुसऱ्या साइटला थेट पुरवणारी सोय) घेतलात तर त्याच्या अटी वाचा. तुमच्या एका क्लबचे लीगमधले सामने डिव्हिजनप्रमाणे जेमतेम 38 किंवा 46. एका संध्याकाळी हाताने टाइप होतात. क्लबचा लोगो, फोटो, अधिकृत पोस्टर यांचा प्रश्न पूर्ण वेगळा, तिथे हात घालू नका. आणि चालू सामन्याचा स्कोअर क्षणाक्षणाला देणार असाल तर आधी वकील गाठा. भारतात त्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही भांडण गेलंय.

टाइप करताना एक बघा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्यामुळे तिथला दुपारी 3 चा सामना आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी साडेसातला, तर नोव्हेंबरमध्ये साडेआठला. शिवाय टीव्हीसाठी तारखा हलतात, तेव्हा पानावर 'शेवटचा बदल कधी' हे टाकाच, नाहीतर वाचक तुम्हालाच शिव्या घालतील.