स्वतःच्या फँटसी जगात देव आणि दैवी जादू कशी रचावी?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ. त्याबद्दल प्रश्न असा आहे: "डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी स्वतःचं जग तयार करतोय. चौदा देव झालेत, प्रत्येकाचं चिन्ह आणि क्षेत्र ठरलंय. तरी खेळताना धर्म कुठे जाणवत नाही, आणि क्लेरिकची (देवाच्या पुजाऱ्याची) जादू विझार्डच्या (जादूगाराच्या) जादूसारखीच वाटते. काय चुकतंय?"

चौदाच? मी खेळ चालवायला घेतला तेव्हा माझे एकोणीस होते. एक्सेलची शीट केली होती, रंगसुद्धा ठरवले होते. तिसऱ्या सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, क्लेरिक खेळणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "या गावात पोर तापाने फणफणलं तर त्याची आई कुठे जाते?" मी शीट वरखाली केली. सूर्याचा देव होता, युद्धाचा होता, समुद्राचे तर दोन होते. तापाचा कोणी नव्हता. वेळ मारून न्यायला म्हणालो, "वेशीवर शेंदूर फासलेला एक दगड आहे, तिथे." पुढचे आठ महिने सगळे त्या दगडाबद्दलच बोलत होते. एकोणीसपैकी आज मला चौघांची नावं आठवतात.

तेव्हा देव कोण आहे हे राहू द्या. लोक त्याच्याकडे काय मागतात आणि बदल्यात काय देतात, तिथून सुरुवात करा. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. तिथे आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे, म्हणून नवस फेडताना लोक त्याला चामड्याच्या चपला वाहतात. भल्यामोठ्या, कुठल्याच माणसाच्या पायाला न येणाऱ्या. सोबत केळ्यांचे घड. वाहिलेल्या चपलांचे तळ झिजतात असंही सांगतात. आता बघा, विश्व कसं निर्माण झालं याचा एक शब्द न काढता तुम्हाला देवाचं काम कळलं, वेळ कळली, हद्द कळली, आणि गावात चांभाराचं पोट कशावर चालत असेल तेही.

हद्द हा शब्द खेळात फार कामाचा आहे. ग्रामदेवतेची सत्ता शिवेपर्यंत. माझ्या जगात क्लेरिकने शीव ओलांडली की पलीकडच्या देवाला नारळ ठेवून मान द्यावा लागतो, तोपर्यंत तिचे बरं करण्याचे स्पेल (मंत्र) निम्मेच चालतात. एवढ्या एका नियमाने प्रवासाला चव आली. नदीच्या मधोमध लढाई झाली तर कोणाची हद्द, यावर आमचं अर्धं सेशन गेलं आणि कोणालाही कंटाळा आला नाही.

विझार्डशी फरक म्हणाल तर विझार्डने जादू शिकलेली असते, क्लेरिकने ती मागून आणलेली असते. मागितलं की देणारा आला, आणि देणाऱ्याला नाही म्हणता येतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या नियमांत हे फारसं दिसत नाही. क्लेरिकने आठ तास विश्रांती घेतली की स्लॉट (किती स्पेल टाकता येतील त्याचा कोटा) भरलेले, रात्री मोबाइल चार्जिंगला लावावा तसे. उलट १९७८ साली आलेला 'रूनक्वेस्ट' बघा. ग्रेग स्टॅफर्डने रचलेल्या ग्लोरांथा या जगातला हा खेळ. त्याच्या आत्ताच्या आवृत्तीत देवाची जादू मिळवायला स्वतःची थोडी आत्मशक्ती कायमची द्यावी लागते. वापरलेली जादू परत हवी तर सणावाराला आपल्या देवस्थानी जाऊन पूजेला बसायचं. मी त्यातलं निम्मं उचललं. तिसऱ्या आणि त्यावरच्या पातळीचे स्लॉट झोपेने नाही, पूजेने भरतात, आणि पूजेला माणसं जमावी लागतात. लगेच आमच्या टेबलावर कोणीतरी जत्रेची तारीख वहीत लिहून ठेवली. मात्र असला नियम आणण्याआधी क्लेरिक खेळणाऱ्याशी बोलून घ्या, नाहीतर त्या बिचाऱ्याला शिक्षा केल्यासारखं होतं.

दुसरं काम जरा किचकट, पण मला त्यातच जास्त मजा येते. स्पेलची यादी घ्या आणि प्रत्येकाने गावाचं काय होईल ते बघा. अन्नपाणी निर्माण करायचा तिसऱ्या पातळीचा स्पेल पंधरा माणसांना दिवसभर पुरतो. पाचव्या पातळीचा क्लेरिक (पात्राची पातळी वेगळी, स्पेलची वेगळी) तो दिवसातून दोनदा टाकू शकतो. म्हणजे तीस पोटं. मग तुमच्या जगात दुष्काळ पडतो कसा? "क्लेरिक कमी आहेत" हे उत्तर चालेल, पण ते आळशी आहे. त्यापेक्षा विचारा, ते तीस जण ठरवतं कोण? पहिल्या पंगतीला कोण बसतं आणि देवळाबाहेर कोण उभं राहतं? इथे तुम्हाला पुजारी, मानकरी, भांडणं, सगळं फुकटात मिळतं.

देवांची लग्नंही अशीच कामाला येतात. जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. एक देव आणि दोन्ही समाजांचा जावई. तुमच्या चौदांपैकी दोघांची सोयरीक जुळवा आणि वरपक्षाकडून कोण रुसलं ते ठरवा.

देवांना हिट पॉइंट्स (जीव किती उरलाय त्याचा आकडा) मात्र देऊ नका. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच १९८०च्या 'डायटीज अँड डेमीगॉड्स' या पुस्तकात ते सगळ्यांना दिले होते, आपल्या इंद्रालासुद्धा. आकडा दिसला की खेळाडू तो शून्यावर आणायला बघणारच.

आता देव बोलतो कसा. कोकणात गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, जमलेले "व्हय म्हाराजा" म्हणतात आणि सगळे वाट बघत राहतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. कम्यून हा पाचव्या पातळीचा स्पेल जवळजवळ हाच आहे: तीन प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. फरक इतकाच, की पुस्तकातला क्लेरिक एकटा विचारतो आणि कौल लागतो तेव्हा अख्खं गाव बघत असतं. तेव्हा हा स्पेल चारचौघांत टाकायला लावा. नको ते उत्तर सगळ्यांनी ऐकलं की पुढची दोन सेशन्स आपोआप लिहिली जातात.

माझ्या मैत्रिणीची क्लेरिक नवव्या पातळीला पोचली, कम्यून मिळाला. ती राजधानीतल्या सूर्यमंदिरात गेली नाही, थेट त्या वेशीवरच्या दगडाकडे आली. गाव जमलं. तिने विचारलं, "तू खरंच देव आहेस का?"

मी म्हणालो, पाकळी हलली, पण पडली नाही. उरलेले दोन प्रश्न तिने अजून विचारलेले नाहीत, आणि मला वाटतं ती माझ्यावर थोडी चिडलेली आहे.