आर्डेनची तुकडी करताय? आधी कोटाकडे बघा

छोट्या सैनिक-पुतळ्यांच्या तुकडीसाठी तुम्ही दुसऱ्या महायुद्धातले, १९४४च्या डिसेंबरात बेल्जियमच्या आर्डेन जंगलात लढणारे अमेरिकन शिपाई निवडलेत, फार छान! पहिल्या आठ-दहा पुतळ्यांपुरतं एवढंच सांभाळा.

- सगळ्यांना बर्फात लपायचा पांढरा वेश देऊ नका. नवे लोक हमखास इथेच चुकतात. बर्फातले तयार कपडे तिथे फार कमी पोचले होते. बॅस्टोनजवळच्या हेमरूल गावच्या लोकांनी सैनिकांना चक्क घरातल्या चादरी दिल्या. त्यामुळे एक-दोघांवरच चादर घाला, बाकीचे ओव्हरकोट आणि एम-१९४३ या लष्करी जॅकेटमध्ये असू द्या.

- ओव्हरकोटवाल्या रशियन पुतळ्यावर अमेरिकन हेल्मेटवालं डोकं बसवून काम भागत नाही. अमेरिकन ओव्हरकोटला पुढे बटणांच्या दोन रांगा असतात, त्या नजरेत भरतात. ओव्हरकोटवाले अमेरिकन पुतळेच घ्या.

चादरीसाठी दोन भागांची (एकत्र मळली की घट्ट होणारी) पुट्टी टाल्कम पावडरवर पातळ लाटा, खांद्यावर टाका आणि ओल्या सुईने चुण्या पाडा. कडा वेड्यावाकड्याच राहू द्या, फाडलेलं कापड तसंच दिसतं. रंग देताना थेट पांढरा नको: आधी फिकट राखाडी, मग पांढरा फक्त चुण्यांच्या माथ्यावर.

बिल्ले, पट्ट्यांच्या छटा वगैरे सध्या सोडून द्या. पहिला पुतळा झाला की फोटो नक्की दाखवा.