घरी सराव करण्यासाठी नवशिक्याने कोणते वेल्डिंग मशीन घ्यावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरामागच्या शेडमध्ये हौस म्हणून वेल्डिंग शिकायचे आहे, हाताशी दहा हजार रुपये आहेत, तर नवे इन्व्हर्टर मशीन (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारे हलके वेल्डिंग मशीन) घ्यावे, एका वर्कशॉपमधला तांब्याच्या वाइंडिंगचा जुना सेट, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मर, मिळतो आहे तो घ्यावा, की थोडे थांबून मिग (काडीऐवजी तार आणि गॅस वापरणारे मशीन) घ्यावे? शेवटी तुम्ही लिहिले आहे की त्या वर्कशॉपचे ओळखीचे मिस्त्री म्हणतात, 'जुन्या सेटवर शिकलेला माणूस कोठेही वेल्डिंग करतो.' हे शेवटचे वाक्य नसते तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. हेच वाक्य २०१६ च्या दिवाळीत कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, हातात चहाचा ग्लास धरून, माझ्या दाजींनी मला ऐकविले होते, आणि त्यापायी माझे दोन महिने व दीडशेच्या आसपास काड्या (वेल्डिंग रॉड) वाया गेल्या.

थेट उत्तर आधी देतो. सिंगल फेजवर चालणारे, एका हाताने उचलता येणारे साधे आर्कचे, म्हणजे काडीने वेल्डिंग करणारे इन्व्हर्टर मशीन घ्या, त्यावर २.५ मिलिमीटरची, ६०१३ या प्रकारची काडी चालवा, आणि मशीनच्या अंगावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या अँपिअरच्या आकड्याला भुलू नका. जुना सेट कितीही स्वस्त मिळाला तरी घरी आणू नका.

माझे दाजी शिरोलीत फॅब्रिकेशनचे शेड चालवितात. उसाच्या ट्रॉल्या, शेडचे ट्रस, गेट, ग्रिल अशी त्यांची कामे असतात. पंधराव्या वर्षी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, हेल्पर म्हणून लागलेला हा माणूस आज उभ्या जोडाला खालून वर असा टाका घालतो की ग्राइंडर फिरवायची गरज पडत नाही, हे मला मान्यच आहे. मात्र विषय शिकण्याचा निघाला की ते कोल्हापूरच्या यंत्रउद्योगाचे आद्य कारागीर म्हादबा मेस्त्री यांचे नाव घेतात, आणि कोल्हापुरात ते नाव घेतल्यावर समोरच्याला पुढे बोलायची सोय राहत नाही. मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवितो. हा तपशील अभिमानाने सांगत नाही. तो पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.

मला गच्चीवर तोंडलीच्या वेलासाठी एक इंची चौकोनी पाइपाचा मांडव करायचा होता आणि तो स्वतःच्या हाताने करायचा होता. इन्व्हर्टर घेतो म्हटल्यावर दाजी म्हणाले, "त्या प्लास्टिकच्या डब्यात पैसं घालू नका पावणं. आपला जुना सेट पडून हाय, तांब्याचा हाय, तीन पिढ्या मरत न्हाई." दुसऱ्या दिवशी छोट्या हत्तीतून तो तेलाने थंड राहणारा सेट आमच्या फुलेवाडीच्या घरी आला. उतरवायला तीन माणसे लागली, सोप्यातल्या शहाबादी फरशीवर तेलाचा जो डाग पडला तो अजूनही आहे, आणि आईने त्या दिवसापासून दाजींच्या व्यवहारज्ञानाविषयी आपले मत बदलले. सेटबरोबर ४ मिलिमीटरच्या काड्यांचे पावसाळ्यापासून उघडे पडलेले एक पाकीटही आले होते. गल्लीतल्या वायरमनने गीझरच्या लाइनवरून सेट जोडून दिला आणि मी कामाला लागलो.

काडी पट्टीला टेकविली की एक बारीक ठिणगी उडे आणि काडी जागच्या जागी चिकटे. होल्डर दाबून सोडविला की ती पट्टीवर शेपटीसारखी ताठ उभी राही, आणि तिच्यावरचा लेप टोकापासून बोटभर तडकलेला असे. हिसडा देऊन काढावी, घासावी, पुन्हा टेकवावी, पुन्हा तेच. हँडल फिरवून करंट वाढविला, पट्टी घासून चकचकीत केली, काड्या उन्हात वाळविल्या, काडी ओढण्याचे आणि टोचण्याचे दोन्ही प्रकार शिकून घेतले. आठवड्यातून चार संध्याकाळी याप्रमाणे दोन महिने हे चालले होते. दाजींच्या नातवाच्या बारशात पंगतीत बसलो असताना त्यांनी सर्वांसमोर विचारले, "काय पावणं, काड्या चिकटवायचा कारखाना काढलाय व्हय? हात लागतोय त्याला. पुस्तकातनं येत न्हाई ते." सगळे हसले, मीही हसलो, आणि त्या रात्री मांडव मिस्त्रीकडून करून घ्यायचे ठरवून टाकले.

जानेवारीत बारावीच्या वर्गावर ट्रान्सफॉर्मर शिकविताना फळ्यावर वेटोळ्यांचे गुणोत्तर लिहीत होतो आणि खडू तेथेच थांबला. घरी येऊन सेटचे झाकण उघडले. आत किती व्होल्टची लाइन जोडायची ते ठरविणाऱ्या जोडपट्ट्या होत्या आणि त्या ज्या टोकांवर आवळलेल्या होत्या तेथे ४१५ असा आकडा ठोकलेला होता. दाजींच्या शेडमध्ये तो सेट दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालत होता. आमच्या घरात सिंगल फेजचे २३० व्होल्ट, आणि वायरमनने पट्ट्या न बदलता वायरी जोडून दिल्या होत्या. सेटच्या पत्र्यावर ओपन सर्किटचे, म्हणजे काडी टेकविण्यापूर्वीचे, ८० व्होल्ट लिहिलेले होते. ४१५ ला ८०, तर २३० ला किती, हे त्रैराशिक माझे विद्यार्थी अर्ध्या मिनिटात सोडवितात. होल्डर आणि क्लॅम्प यांच्यामध्ये मल्टीमीटर लावला तेव्हा आकडा आला ४४. साध्या ६०१३ काडीची ठिणगी पेटून टिकायला ५० व्होल्टच्या आसपास तरी लागतात, आणि ही काडी तर ४ मिलिमीटरची, वर दमट. मी दोन महिने माझ्या हातात दोष शोधत होतो, आणि प्रयोगशाळेच्या कपाटात दहा मल्टीमीटर असलेल्या माणसाने त्यांपैकी एकही त्या सेटला लावून पाहिला नव्हता.

पट्ट्या २३० वर घेतल्या तेव्हा ८० व्होल्ट मिळाले, पण आता घर पुरे पडेना. स्विच टाकताच ट्रान्सफॉर्मर जो पहिला झटका ओढतो त्यानेच कधी मेनचा एमसीबी पडे. तो टिकलाच तर काडी पेटल्यावर थोड्याच वेळात तापून पडे. कारण सरळ आहे. ४ मिलिमीटरच्या काडीसाठी १६० अँपिअर घेतले, तर ८० भागिले २३० या प्रमाणात घराच्या लाइनवरून ५५ अँपिअर ओढले जातात, आणि घराचा एमसीबी ३२ चा. शेजारच्या घरातल्या ट्यूबलाइट माझ्या प्रत्येक ठिणगीबरोबर मान टाकत असत, तेही मला शेजारीणबाईंनीच येऊन सांगितले.

हे सारे कागदावर मांडून मी दाजींना दाखविले. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलट धरून पाहिला, आणि म्हणाले, "मीटर कशाला लावायचा? आमी कवा लावला न्हाई." सेट परत नेला, शेडमध्ये पट्ट्या ४१५ वर घेतल्या, माझ्याच डोळ्यांसमोर सहा इंचांचा टाका ओढला, चिपिंग हॅमरने एक टिचकी मारली तशी स्लॅगची (टाक्यावर जमणाऱ्या कडक थराची) पूर्ण सालच निघून आली. "बघा. मशीन चांगलंच हाय."

मशीन चांगलेच होते, हे मी कधी नाकारलेले नाही. माझे म्हणणे वेगळे आहे आणि ते आजवर त्यांच्या गळी उतरलेले नाही. कसलेल्या हाताला मशीनचा दोष कळतो, कारण काडी नीट चालते तेव्हा कसे वाटते हे त्याला ठाऊक असते. नवशिक्याला ते ठाऊक नसते, त्यामुळे मशीनचा, लाइनचा, काडीचा, सगळ्यांचा दोष तो आपल्या हाताच्या नावावर लिहितो. म्हणूनच त्याला असे मशीन हवे की ज्याच्यावर संशय घ्यावा लागू नये. जुन्या सेटवर शिकलेले कारागीर उद्यमनगरात शंभर सापडतील. त्याच सेटवर वैतागून दुसऱ्या कामाला लागलेली पोरे कोण मोजतो? शिवाय ते शिकले तेव्हा सेट योग्य लाइनवर होता आणि शेजारी उस्ताद उभा होता. तुमच्या शेडमध्ये यांपैकी काहीच नाही.

मार्चमध्ये मी लहान इन्व्हर्टर आणले. ७५ अँपिअर, २.५ मिलिमीटरची कोरडी काडी, ६ मिलिमीटर जाडीची पट्टी. तिसऱ्या प्रयत्नात ठिणगी टिकली आणि भजी तळताना येतो तसा एकसारखा चरचर आवाज आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताखालून आला. टाका वाकडा होता, मध्ये एक भोकही होते, पण काडी संपेपर्यंत चालली.

आता तुमच्या कामाचे. २.५ च्या काडीला ६० ते ९० अँपिअर पुरतात. ८० अँपिअरला ठिणगीवर सुमारे २३ व्होल्ट पडतात, म्हणजे दोन किलोवॉटही होत नाहीत, आणि मशीनमधला व्यय धरूनही भिंतीतून १४ अँपिअरच्या आसपास ओढले जातात. एसीचा किंवा गीझरचा १६ अँपिअरचा पॉइंट एवढे सोसतो. ३.१५ ची काडी १२० अँपिअरवर नेली की हाच आकडा २० च्या पलीकडे जातो. त्यासाठी मेनपासून जाड वायरची वेगळी लाइन ओढून घ्यावी लागेल. तेव्हा २०० आणि २५० यांतले कोणते घेऊ, हा प्रश्न तुमच्यासाठी निरर्थक आहे. तुमची भिंत तेवढे देणारच नाही. बारीक वायरचे लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच वापरू नका. व्होल्टेज वाटेतच गळते आणि पुन्हा काडी चिकटू लागते.

दुकानात मशीन उलटेसुलटे करून मागचा पत्रा वाचा. त्यावर 'एक्स' समोर टक्के असतात. ६० टक्क्यांचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे वेल्डिंग आणि चार मिनिटे विश्रांती, आणि तो कोणत्या अँपिअरला लिहिलेला आहे हे पाहा. नवशिक्याची एक काडी मिनिटभर चालते आणि मग तो पाच मिनिटे स्लॅग काढून हळहळत बसतो, त्यामुळे साधे मशीनही तुम्हाला पुरेल. पण ज्या मशीनवर हा पत्राच नाही ते घेऊ नका. केबल हातात धरून पाहा. स्वस्त मशीनबरोबर दीड मीटरची, वरून तांब्याचा मुलामा आणि आतून अ‍ॅल्युमिनिअम असलेली केबल देतात, आणि क्लॅम्प तर कपडे वाळत घालायच्या चिमट्याइतका असतो. दोन्ही बदलून घ्या. उरलेल्या पैशांत आपोआप काळे होणाऱ्या काचेचे हेल्मेट, चामडी हातमोजे आणि पाच किलो काड्या आणा, आणि भंगारातून ५–६ मिलिमीटरच्या पट्ट्यांचे तुकडे किलोवर उचला. पातळ पाइपावर सराव सुरू केलात तर पहिला महिना भोके पाडण्यात जाईल.

डोळ्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाहिली तर त्या क्षणी काहीच होत नाही. त्रास काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखा सुरू होतो. बटाट्याच्या चकत्या ठेवण्यापेक्षा डॉक्टरांकडे जा. जीआय पाइपावरचा जस्ताचा थर घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू नका; त्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही असे आमच्याकडच्या फौंड्र्यांत म्हणतात. गूळ आमचाच आहे, अवश्य खा, पण दार उघडे ठेवा.

मिगविषयी एवढेच म्हणेन की उघड्या शेडमध्ये वारा गॅस उडवून नेतो, सिलिंडर भरून आणणे हे वेगळेच काम होऊन बसते, आणि दहा हजारांत या सगळ्याचा मेळ बसत नाही. बिनगॅसच्या तारेची लहान मशीने येतात, पण काडीवर हात बसल्यानंतर त्यांचा विचार करा.

काही गोष्टी प्रामाणिकपणे नोंदवायला हव्यात. माझे ते पहिले इन्व्हर्टर दुसऱ्या वर्षी गेले. त्याच्या शेजारीच मी ग्राइंडर चालवीत असे आणि पंखा ती लोखंडी धूळ आत ओढत असे. उघडले तेव्हा बोर्डवर काळ्या पिठाचा थर बसलेला होता, आणि नव्या बोर्डाची किंमत ऐकून मी नवे मशीनच घेतले. दाजींचा सेट अजून चालतो. हा मुद्दा त्यांचा आहे आणि तो खरा आहे. तुमच्याकडे थ्री फेजची जोडणी असेल तर माझे निम्मे उत्तर रद्द समजा. आणि मीटर लावून पाहणार असाल तर इन्व्हर्टर डीसीवर मोजा. व्हीआरडी ही सोय असलेले मशीन रिकामे असताना मुद्दाम कमी व्होल्टेज दाखविते, तो दोष नव्हे. पावसाळ्यात ओल्या हातांना तोच कमी आकडा वाचवितो.

मिस्त्रींकडचा तो सेट घेण्याचा मोह होतच असेल, तर त्यांना एवढेच विचारा की त्यांच्या शेडमध्ये तो किती व्होल्टवर जोडलेला आहे. ४१५ असे उत्तर आले तर घेऊ नका. "त्यानं काय हुतंय" असे उत्तर आले, तरीही घेऊ नका.