नळीची भीती आणि चमचाभर तीर्थ

"मॅडम, नाकातल्या नळीतलं छातीत गेलं तर?" आयसीयूबाहेरच्या बाकावर हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी भेटतो. नाशिकमध्ये अत्यवस्थ रुग्णांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. मी डॉक्टर नाही, पण या प्रश्नाजवळ बरीच बसलेय. त्यातली एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दिंडोरीकडचं द्राक्षबागायतदार घर. फेब्रुवारीत खुडणी ऐन भरात, आणि काकांना पक्षाघाताचा झटका आला. शुद्ध अर्धवट, गिळता येईना, म्हणून राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी, घातलेली. मुलगा सकाळी बागेत, दुपारी इथे. काकू बाकावरून हलायला तयार नाहीत.

चौथ्या दिवशी सिस्टरांनी मला बोलावलं. भेटीच्या वेळेत काकूंनी दुसऱ्यांदा बेड सपाट केला होता. "किती वेळ असं टेकून बसवायचं? पाठ मोडली असेल त्यांची." हातातल्या पिशवीत रामकुंडाच्या पाण्याची बाटली आणि स्टीलचा चमचा. मी शांतपणे समजावलं असं लिहायला आवडलं असतं. प्रत्यक्षात माझा आवाज चढला आणि काकूंचे डोळे भरले.

मग चहा मागवला. काकूंनी पेला तोंडाशी नेला तेव्हा विचारलं, "आडवं पडून प्याल का हा?"

"छे! ठसका लागेल."

"ठसका म्हणजे घसा ओरडून सांगतो, वाट चुकली म्हणून. काकांचा घसा सध्या सांगत नाही. चमचाभर पाणी छातीत उतरेल आणि ते खोकणारसुद्धा नाहीत."

काकू पेला खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. नळीची त्यांना धास्ती होती, चमच्याची नव्हती. चमचा घरचा ना.

नळीची भीती मात्र खोटी नव्हती. पोटातलं उलटून वर आलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून तर बेड 30 ते 45 अंश वर ठेवतात. कूस बदलताना किंवा अंग पुसताना सपाट करावाच लागला, तर सिस्टर तेवढा वेळ फीड, म्हणजे नळीतून दिलं जाणारं पातळ अन्न, थांबवतात. पेशंट घसरून खाली आला तर पोट दुमडतं आणि वर केलेल्या बेडचा उपयोग राहत नाही, म्हणून त्याला पुन्हा वर सरकवतात. काकूंना वाटायचं, बिचाऱ्याला उगाच ओढतात.

मुलाचा प्रश्न वेगळा होता. "नळी पोटातच आहे कशावरून?" पहिलं फीड द्यायच्या आधी एक्स-रे काढून ते बघितलेलं होतं. नळीतून नुसती हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावण्यावर भरवसा ठेवता येत नाही; नळी भलतीकडे असली तरी आवाज येऊ शकतो. एक्स-रेनंतर नाकपुडीपाशी नळीवर मार्करने खूण केली होती. ती त्याला दाखवली. खूण बाहेर सरकलेली दिसली तर नळीला हात लावायचा नाही, सिस्टरांना हाक मारायची. बेडच्या कठड्यावरचा अंशांचा आकडाही त्याने वाकून वाचला. हातात काहीतरी मिळालं की माणूस निम्मा सावरतो.

एक गोष्ट घरच्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. धोका नुसत्या फीडचा नसतो. तोंडातली लाळ जंतूंसकट खाली झिरपते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. "बेशुद्ध माणसाचे दात कसले घासता?" असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. अहो, तो त्याच्या इलाजाचाच भाग आहे. आणि एवढं सगळं करून धोका कमी होतो, संपत नाही. काकूंनी "शंभर टक्के ना?" विचारलं तेव्हा मी नाहीच म्हणाले. खोटा दिलासा दिला की दुसऱ्या दिवशी कोणी तोंडाकडे बघत नाही.

तीर्थाचं काय, ते उरलंच होतं. सिस्टरांना विचारून काकूंनी बाटलीत बोट बुडवलं आणि काकांच्या कपाळाला लावलं. ओठ कोरडे पडले होते, ते सिस्टरांनी त्यांच्या पद्धतीने ओले केले. चमचा पिशवीत परत गेला.

पुढच्या आठवड्यात काका डोळ्यांनी ओळख देऊ लागले. गिळण्याची तपासणी झाली, तर आवाज घोगरा, ओला येत होता, म्हणजे गिळणं अजून सुरक्षित नव्हतं. नळी ठेवायचं ठरलं. संध्याकाळी मुलगा बागेतली द्राक्षं घेऊन आला. "एक चोखायला देऊ का? नुसती चव."

मी बोलायच्या आधीच काकूंनी डबा त्याच्या हातातून काढून घेतला. "सिस्टरांना वाट. आणि जाताना बेडचा आकडा बघून ये."