बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक चुकून रीसेट झाला किंवा बॉल कोणाचा तेच कळलं नाही, तर रेफरी काय करतात?

शॉट क्लॉक म्हणजे बॉल असलेल्या टीमला शॉट टाकायला मिळणारे २४ सेकंद मोजणारं घड्याळ. डिफेन्सचा नुसता हात लागला म्हणून नवीन २४ सेकंद मिळत नाहीत. हे आधीच लिहितो, कारण यावरून एक कोच सर माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

जिल्ह्याच्या एका फायनलला मी रेफरी होतो. गेमचे ३१ सेकंद बाकी, एका पॉइंटने पुढे असलेल्या टीमकडे बॉल, शॉट क्लॉकवर ६. डिफेन्सच्या पोराने पासला हात घातला, बॉल टप्पा खाऊन परत त्याच टीमच्या गार्डकडे गेला आणि टेबलवरच्या मुलाने घाईत बटण दाबलं, झाले २४! आता ते बॉल फिरवत बसले असते तर समोरच्यांच्या हातात काय उरणार होतं? माझं लक्ष गेलं तेव्हा गेम क्लॉक २८ वर होता, लगेच शिट्टी मारली, टेबलवर जाऊन विचारलं बटण दाबलं तेव्हा किती होते, मुलगा म्हणाला सहा, मधे तीन गेले, म्हणून ३ लावायला सांगितले आणि बॉल त्याच टीमला साइडने दिला. त्या टीमचे कोच सर टेबलपर्यंत धावत आले, "डिफेन्सनं हात मारला ना, मग रीसेट!" पोरांनी घाईत थ्री टाकला, रिंगला लागून बाहेर, रिबाउंड समोरच्यांचा, आणि शेवटच्या ले-अपवर ते एका पॉइंटने जिंकले.

सर, हात लागणं म्हणजे कंट्रोल नव्हे. त्या पोराने बॉल धरला असता, ड्रिबल केला असता, तर गोष्ट वेगळी. नुसता मारून बाहेर घालवला असता तरी उरलेलेच ६ मिळाले असते.

पझेशनचं म्हणाल तर दोघांनी बॉल घट्ट धरला, किंवा बाहेर जाताना शेवटी कोणाला लागला यावर दोन रेफरींचं जुळलं नाही, तर टेबलवरचा एरो, म्हणजे या वेळी बॉल कोणाला हे आळीपाळीने दाखवणारा बाण, बघायचा. त्यातही बॉल आधी ज्यांच्याकडे होता त्यांनाच मिळाला तर शॉट क्लॉक पुढे तसाच चालतो. बॉल रिंग आणि बोर्डच्या मधे अडकला असेल तर मात्र अटॅकला १४, डिफेन्सला २४. आणि बझर चुकून वाजला तर खेळ चालू ठेवायचा, ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांचं नुकसान होत असेल तरच थांबवायचं.

हे सगळं फिबाचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमांचं; अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये एरो नसतो, तिथे जंप बॉल टाकतात. माझी शिट्टी तीन सेकंद उशिरा वाजली हेही खरं, पार्टनरने किंवा मी आधी बघायला हवं होतं.

पण सरांनी त्या मुलाला सगळ्यांसमोर झापलं ते चूकच. बटण चुकलं त्याचं, पण विचारल्यावर त्याने लगेच खरं सांगितलं, म्हणून तर घड्याळ बरोबर लावता आलं.