परदेशी पेपर अडवला: अभ्यवेक्षण की जप्ती?

परभणीहून पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: सरकारनं परदेशी वृत्तपत्रातला मजकूर झाकला किंवा अंकच अडवला, तर त्याला 'अभ्यवेक्षण', म्हणजे सेन्सॉरशिप, म्हणावं का?

माझ्या मते नको. शब्द चांगला आहे, मराठी विश्वकोशानंही तो स्वीकारलाय. अभि, अव आणि ईक्षण. म्हणजे समोर आलेलं बारकाईनं पाहणं. छापण्याआधी मजकूर अधिकाऱ्याला दाखवावा लागतो, तिथं तो नेमका बसतो. 1975 च्या आणीबाणीत आपल्या पेपरांच्या वाट्याला आलं ते हेच. पण लंडनला छापून झालेला अंक मुंबईत उतरतो, तेव्हा छापण्याआधी पाहायचं काय उरलं?

तिथं जे घडलं तेच लिहावं. मे 2011 मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'च्या भारतात आलेल्या अंकांत काश्मीरचा नकाशा पांढऱ्या स्टिकरनं झाकावा लागला. 'नकाशा झाकायला लावला' एवढं पुरे. झारच्या रशियात परदेशी पेपरांतल्या नको त्या ओळींवर काळी शाई फासत आणि लोक तिला 'कॅव्हिअर' म्हणत, माशाची काळी अंडी! आपण 'मजकुराला काळं फासलं' म्हणू शकतो. त्यात अपमानाची छटा येते, पण मला ती इथं योग्यच वाटते.

अंक उचलून नेला, तर त्यासाठी मराठवाड्यानं शब्द शोधायलाच नको. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, आणि पुण्या-मुंबईचे मराठी पेपरसुद्धा सरहद्दीपलीकडचे. सेलूचे माझे आजोबा मनमाडकडून येणाऱ्या गाडीच्या गोष्टी सांगत. अंथरुणाच्या वळकटीत, आतल्या घडीत पेपर दडवलेला असे. सापडला की 'पेपर जप्त झाला'. दुसरा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. मूळ अरबी 'ज़ब्त' म्हणजे ताब्यात ठेवणं, आवरून धरणं. दुःख गिळून गप्प राहण्यालाही उर्दूत ज़ब्तच म्हणतात.

'बंदी' मात्र वेगळी. ती पेपरच्या नावावर येते, जप्ती हातातल्या प्रतीवर.

'सेन्सॉर' बोलताना खुशाल वापरा, तो आता मराठीच झालाय. बातमीत मात्र तो फार ढोबळ पडतो, त्यातून काय घडलं ते कळत नाही. तेव्हा तुमच्या वाक्यात 'परदेशी वृत्तपत्रांचे अभ्यवेक्षण झाले' खोडा आणि 'अंक विमानतळावरच जप्त केले' असं लिहा. कुठं आणि काय केलं, दोन्ही त्यात आलं.