मार्ग बरोबर, तरी लिंक तुटलेली: शेवटची न्यूलाइन तपासा

तुम्ही लिहिलंय की गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) मधली सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक, विंडोजवर उघडली तर आत नुसती त्या फाइलच्या मार्गाची एक ओळ दिसली, ती दुरुस्त करून तुम्ही कमिट केलीत (गिटमध्ये नोंदवलीत), आणि आता लिनक्सवरचा बिल्ड ‘फाइल सापडत नाही’ म्हणून पडतोय. मार्ग मात्र अक्षर न् अक्षर बरोबर आहे. वाचून पोटात गोळा आला. मी नेमकं हेच केलं होतं.

मार्ग लिंकच्या फोल्डरपासून मोजायचा, हे तुम्ही पाहिलंच असेल. गोम ओळीच्या शेवटी आहे. गिट लिंकचा मार्ग साधा मजकूर म्हणून साठवतं आणि त्याला १२०००० हा मोड (‘ही सिमलिंक आहे’ अशी खूण) लावतं. विंडोजवर गिटची कोअर डॉट सिमलिंक्स ही सेटिंग फॉल्स असेल तर हाती साधी टेक्स्ट फाइल येते, पण इंडेक्समधला (गिटच्या फाइल-नोंदीतला) मोड तोच राहतो. एडिटरने सेव्ह करताना शेवटी न्यूलाइन (नवी ओळ सुरू करणारं अदृश्य अक्षर) घातली की तीही मार्गाचाच भाग होते. मग लिनक्स त्या न्यूलाइनसकट नाव शोधतं.

डिफमध्ये (गिट दाखवतं त्या बदलांच्या यादीत) ‘नो न्यूलाइन अ‍ॅट एंड ऑफ फाइल’ दिसलं की आपल्याला खटकतं. लिंकच्या डिफमध्ये ते असायलाच हवं! माझ्या कमिटमध्ये ते गायब झालं होतं, आणि रिव्ह्यूत कुणालाच शंका आली नाही. खात्रीसाठी गिट कॅट-फाइलचं (साठवलेला मजकूर दाखवणारी कमांड) आउटपुट ओडीला (एकेक अक्षर दाखवणारी कमांड) द्या, ‘-सी’ लावून. शेवटचं अक्षर दिसेल.

दुरुस्ती लिनक्सवरच करा: लिंक काढा, एलएन -एस ने पुन्हा बनवा, कमिट करा. तुमची मांडणी मला माहीत नाही, तेव्हा आधी वेगळ्या ब्रांचवर.

माझे सर्वाधिक दिवस खाल्ले ते तेव्हाच्या ऑफिसातल्या आयटी सपोर्टने. विंडोज १० मध्ये २०१७ पासून डेव्हलपर मोड चालू असला की अ‍ॅडमिन हक्कांशिवाय सिमलिंक बनवता येते. तो मोड चालू करून द्या, एवढंच मागितलं होतं. ११ दिवसांत ३ वेळा ‘गिट पुन्हा इन्स्टॉल करा’ हेच उत्तर, आणि मग मला न विचारता तिकीट बंद. आजही राग येतो. सिमलिंकबद्दलची भीती मात्र अगदीच निराधार नाही: मे २०२४ मध्ये गिट २.४५.१ ने सिमलिंक आणि सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) वापरून क्लोन करतानाच (रेपोची, म्हणजे गिटमधल्या प्रकल्पाची, प्रत उतरवतानाच) कोड चालवता येण्याची त्रुटी बुजवली. गिट जुनं असेल तर आधी अपडेट करा.

डेव्हलपर मोड मिळाला तरी कोअर डॉट सिमलिंक्सची ग्लोबल सेटिंग पुरत नाही. क्लोन करताना रेपोच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये फॉल्स लिहिलं गेलेलं असतं आणि तेच वरचढ ठरतं. तिथे ट्रू करा, फाइल डिलीट करा, पुन्हा चेकआउट करा.

माझं मत विचाराल तर विंडोज-लिनक्स मिश्र टीमने रेपोत सिमलिंक ठेवूच नयेत. बिल्डच्या वेळी फाइल कॉपी करावी. ठेवायच्याच असतील तर लिनक्सवरच्या बिल्डच्या सुरुवातीला फाइंड ‘-एक्सटाइप एल’ चालवा, तुटलेल्या लिंक तिथेच सापडतील.